लहान लेकरासह नागपुरातील सणांचे दिवस आणि नातेवाइकांच्या भेटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचे सासर नागपूरच्या महाल भागात, माहेर अमरावतीला, नणंद वर्धेला आणि मामेसासरे नागपुरातच धरमपेठेत, असा नात्यांचा पसारा आहे. गेल्या वर्षी नवरात्रापासून भाऊबीजेपर्यंत पावणेदोन वर्षांच्या मुलाला घेऊन आम्ही या सर्व घरी गेलो, आणि त्यांपैकी बरीच मंडळी आमच्याकडेही आली. काही गोष्टी चुकल्या, काही चांगल्या जमल्या. त्यानंतर नात्यातील आणि शेजारच्या तरुण आईवडिलांनी जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती एक ते तीन वर्षांच्या मुलांना धरून लिहिली आहेत; अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या गरजा वेगळ्या असतात.

सणांच्या या काळाची आखणी कधीपासून करावी?

घटस्थापना ते भाऊबीज हा साधारण एक महिन्याचा काळ आहे. आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात, दशमीला दसरा, पौर्णिमेला कोजागिरी, वद्य द्वादशीला वसुबारस, अमावास्येला लक्ष्मीपूजन आणि कार्तिक शुद्ध द्वितीयेला भाऊबीज येते. मोठ्यांना हे सण वेगवेगळे वाटतात, पण लहान मुलाला तो एकच लांबलेला गोंधळाचा महिना असतो, ज्यात घरातील माणसे, जेवणाच्या वेळा आणि झोपण्याची जागा सारखी बदलत राहते. म्हणून पितृपक्षातच कागदावर महिन्याभराची यादी करावी: कोणत्या घरी जाणे टाळता येणार नाही, कोणाला आपल्याकडे बोलावता येईल आणि कोणाला केवळ फोनवर नमस्कार सांगून चालेल. आम्ही ही यादी सासूबाईंबरोबर बसून केली. कोणत्या घरी न गेल्यास मन दुखावले जाईल हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक होते, आणि यादी त्यांच्या संमतीने झाल्यामुळे पुढे कोणालाही काही सांगायची वेळ आली तेव्हा त्या आमच्या बाजूने बोलल्या.

हवामानाचाही विचार करावा लागतो. घटस्थापनेच्या सुमारास नागपुरात दुपारी ऑक्टोबरचे कडक ऊन असते, तर दिवाळीपर्यंत पहाटे आणि रात्री गारवा सुटतो. त्यामुळे पिशवीत सुती झबले आणि कानटोपी ही दोन्ही लागतात.

एका दिवसात किती घरी जाणे योग्य?

एका. दुसरे घर त्याच गल्लीत असेल आणि तेथे पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसायचे नसेल, तरच दोन. पहिल्या वर्षी दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही पाच घरी सोने द्यायला गेलो. चौथ्या घरी मुलाने रडून श्वास कोंडून घेतला आणि पाचव्या घरी पोटातले सर्व बाहेर काढले. त्या रात्री यजमानांच्या चेहऱ्यावरची काळजी पाहून आम्हाला जाणवले की, मूल थकलेले असताना केलेली भेट पाहुण्यालाही आणि यजमानालाही सुख देत नाही.

दुपारची झोप मोडू नये यासाठी नातेवाइकांना काय सांगावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास आणि तीन ते चार वर्षांच्या मुलाला 10 ते 13 तास झोप लागते, आणि यात दुपारची झोप धरलेली असते. सणाच्या दिवशी सर्वांत आधी तीच बुडते. आमच्या मते बाकी सर्व बाबतींत तडजोड करावी, पण या झोपेच्या बाबतीत करू नये. कारण दुपारी न झोपलेले मूल संध्याकाळी जेवत नाही, रात्री उशिरा झोपते आणि दुसऱ्या दिवसाचीही घडी विस्कटते.

नातेवाइकांना हे आधी, शांतपणे आणि वेळेसह सांगावे. “आम्ही लवकर येऊ” असे मोघम सांगण्यापेक्षा “काकू, आम्ही साडेचारला येतो, बाबू एक ते तीन झोपतो, आणि साडेसातला निघतो” असे आदल्या दिवशी फोनवर सांगितले, तर कोणी गैरसमज करून घेत नाही. जेवणाला बोलावणे असेल, तर सकाळी साडेदहाला फराळाला येऊ का, असे आपणच विचारावे. महालातील आमच्या मोठ्या आईंना सुरुवातीला हे विचित्र वाटले होते; आता त्याच फोन करून “उठला का लेकरू?” असे विचारतात आणि मग पोळ्या लाटायला घेतात.

दसऱ्याला सोने देण्यासाठी मुलाला न्यावे का?

अवश्य न्यावे. विदर्भात दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पाने घेऊन वडीलधाऱ्यांच्या घरी जाणे, त्यांच्या हातावर सोने ठेवून पाया पडणे, हा नात्यांचा फार मोठा धागा आहे, आणि दीड वर्षाचे मूल हातात पान घेऊन आजोबांपुढे उभे राहते तो क्षण घरातील सर्वांच्या लक्षात राहतो. पाने मात्र घरी आणल्यावर धुऊन पुसून घ्यावीत, कारण बाजारातील पानांवर रस्त्याची धूळ बसलेली असते आणि या वयात हातातील प्रत्येक वस्तू तोंडात जाते. काही घरी शमीची डहाळीही ठेवतात. तिला काटे असतात, म्हणून ती मुलाच्या हाती देऊ नये. सोने देण्याची रीत दुसऱ्या दिवशीही चालते, त्यामुळे उरलेल्या घरांसाठी एकादशीची सकाळ वापरता येते.

रावणदहन, कोराडी आणि दीक्षाभूमी येथील गर्दीत लहान मुलाला नेणे सुरक्षित आहे का?

या तिन्ही ठिकाणांचे उत्तर एकसारखे नाही.

कस्तुरचंद पार्कवरील रावणदहनाला दोन वर्षांच्या मुलाला नेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुतळ्यात भरलेले फटाके एकदम फुटतात, धूर खाली उतरतो आणि कार्यक्रम संपताच सर्व माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. चार-पाच वर्षांचे झाल्यावर मैदानाच्या कडेला उभे राहून पाहता येईल.

कोराडीच्या श्रीमहालक्ष्मी जगदंबेच्या दर्शनाला नवरात्रात जायचेच असेल, तर अष्टमी-नवमी आणि सुटीचा दिवस टाळून अगदी सकाळी जावे. रांगेत एकाने थांबावे आणि दुसऱ्याने मुलाला घेऊन मोकळ्या जागेत फिरावे. घरातील एखाद्या ज्येष्ठाने सर्वांच्या वतीने ओटी भरून आणली, तर त्यातही काही उणे राहत नाही.

दीक्षाभूमीचा प्रश्न वेगळा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून कुटुंबे येथे येतात. अनेक आईवडील कडेवरच्या लेकरांना घेऊन येतात, कारण या दिवसाशी त्यांच्या घराण्याची ओळख जोडलेली आहे. त्यांना “नेऊ नका” असे सांगण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्या शेजारच्या कुटुंबाची पद्धत मला फार उपयोगी वाटली. ते मुलाच्या झबल्याच्या आतल्या बाजूला आईवडिलांचा फोन क्रमांक लिहितात, सकाळी घरून निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतील फोटो काढून ठेवतात, आणि चुकामूक झाल्यास कोणत्या ठिकाणी थांबायचे हे सर्वांनी आधीच ठरवलेले असते. ढकलगाडी अशा गर्दीत अडचणीची ठरते. मुलाला अंगाशी बांधून घेणे चांगले.

दसऱ्याच्या दिवशी या परिसरात वाहतूक वळवलेली असते. मेट्रोच्या ऑरेंज मार्गिकेवर रहाटे कॉलनी आणि कस्तुरचंद पार्क ही दोन्ही स्थानके आहेत, आणि धरमपेठ किंवा पूर्व नागपूरकडून येणाऱ्यांना सीताबर्डीला गाडी बदलता येते. मुलाला घेऊन गाडी उभी करण्याची जागा शोधत हिंडण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सोपा आहे.

भुलाबाई आणि कोजागिरी या लहान मुलांना झेपतात का?

आमच्या अनुभवात सर्व सणांमध्ये लहान मुलाला सर्वांत जास्त मानवते ती भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी मुली जमतात, टाळ्या वाजवून गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातील खाऊ हलवून ओळखायला लावतात. शहरात हे आता थोड्याच घरी होते, पण जेथे होते तेथे मुलाला जरूर न्यावे. सर्व खेळ जमिनीवर बसून, दिवेलागणीच्या वेळी आणि तासाभरात होतो. आमच्या मुलाला गाण्याचे शब्द येत नव्हते, तरी डबा वाजला की तो हात पुढे करायचा.

कोजागिरीला चंद्राला नैवेद्य दाखवेपर्यंत उशीर होतो. मुलासाठी चंद्र वर येताच साधे कोमट दूध वाटीत घेऊन गच्चीवर जावे, त्यात चांदणे दाखवावे, पाजावे आणि झोपवावे. मसाला दुधातील बदाम-पिस्त्यांचे काप आणि चारोळी गाळून घेतल्याशिवाय ते या वयाला देऊ नये, आणि जायफळ त्यात घालूच नये. झोप लागावी म्हणून जायफळ उगाळून देण्याची जुनी सवय लहान मुलाच्या बाबतीत धोक्याची आहे.

फराळातील कोणते पदार्थ द्यावेत आणि कोणते टाळावेत?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि येथे गोड-तेलकटापेक्षा घशात अडकण्याची भीती मोठी आहे. अख्खे शेंगदाणे, काजू, बदाम, फुटाणे, डाळवे, मक्याच्या लाह्या आणि खोबऱ्याचे कडक काप हे चार-पाच वर्षांच्या आतील मुलाला देऊ नयेत. याचा अर्थ असा की, दिवाळीच्या ताटातील सर्वांत साधा वाटणारा चिवडाच या वयाला सर्वांत धोकादायक आहे. गेल्या वर्षी एका घरी टीपॉयवरील चिवड्याच्या बशीतून आमच्या मुलाने शेंगदाणा उचलला आणि खोकू लागला. तो जोराने खोकत होता म्हणून आम्ही त्याला खोकू दिले आणि दाणा बाहेर आला. पण ते काही क्षण अजूनही आठवतात.

मूल खोकत आणि रडत असेल, तर तोंडात बोट घालू नये, पाणी पाजू नये. त्याचा खोकलाच काम करत असतो. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. त्याने वस्तू न निघाल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या किंचित वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाब द्यावा, हेच आलटून पालटून करावे, आणि दुसऱ्याने त्याच वेळी 108 वर फोन करावा. एक वर्षाखालील बाळाला पोटावर दाब देत नाहीत. घरातील किमान दोन मोठ्या माणसांनी हे बालरोगतज्ज्ञांकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे.

आता काय द्यावे याविषयी. घरी केलेली मऊ शंकरपाळी दुधात भिजवून, अनारशाचा आतला मऊ भाग, करंजीतील बारीक कुस्करलेले सारण, बिनतिखट शेव वरणभातावर चुरून, असे थोडे थोडे देता येते. चकलीचे कडक तुकडे टाळावेत. दोन वर्षांच्या आत वरून घातलेली साखर जितकी कमी तितके बरे. पण सणाच्या दिवशी आजीने बोटाने चाखवलेल्या बेसनाच्या लाडवावरून घरात वाद घालण्याची गरज नाही. विदर्भातील सणाच्या स्वयंपाकात मुलासाठी बरेच काही असते: फोडणी घालण्यापूर्वी बाजूला काढलेले वरण, मऊ भात, पुरणपोळीचे पुरण तुपाबरोबर. पाटवडीचा रस्सा आणि कोथिंबिरीची सांबारवडी मात्र मोठ्यांसाठीच ठेवावी. याच दिवसांत आंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागतात. फोडींची साल आणि बिया काढून, लहान तुकडे करून दिल्यास फराळाच्या मध्ये तो उत्तम खाऊ होतो. आमची एकच पद्धत आहे: कोणाच्याही घरी जाण्यापूर्वी मुलाला घरचे जेवण पोटभर द्यायचे, म्हणजे तेथे तो चाखतो, भूक भागवत नाही.

“आमच्या हातचे एवढेसे खाल्ले तर काय होते?” असा आग्रह झाला तर काय करावे?

हा आग्रह प्रेमाचा असतो, म्हणून त्याला नुसता नकार देऊ नये, पर्याय द्यावा. “आत्या, लाडू आम्ही घरी नेऊन उद्या देऊ, आत्ता तुमच्या हातचा वरणभात भरवाल का?” असे म्हटले की आत्यांना भरवण्याचा आनंद मिळतो आणि आपलाही हेतू साधतो. शेंगदाण्यासारख्या गोष्टींबाबत मात्र आढेवेढे न घेता “डॉक्टरांनी नाही सांगितले आहे” असे म्हणावे. हे बोलण्याची जबाबदारी आम्ही वाटून घेतली आहे: सासरच्या घरी मुलाचे बाबा बोलतात आणि माहेरी मी बोलते. सुनेने नाही म्हटले की ते बोचते, मुलाने म्हटले की चालते. हे योग्य आहे असे मला वाटत नाही, पण आज तरी बहुतेक घरांत तसेच आहे.

मूल कोणाकडे जात नाही, रडते, पाया पडत नाही. नातेवाईक नाराज होतात. काय करावे?

अनोळखी चेहऱ्यांना घाबरणे आणि आईला बिलगणे हे या वयाचे स्वाभाविक लक्षण आहे, त्यात संस्कारांची उणीव नाही. घरात शिरताच मुलाला हातांहात फिरवू नये. पहिली दहा-पंधरा मिनिटे त्याला आपल्या मांडीवर बसू द्यावे आणि यजमानांनी आधी आपल्याशी बोलावे. मूल आपोआप खाली उतरते. धरमपेठेच्या घरी बंगई आहे. तेथे आबा काही न बोलता बंगईवर जाऊन बसत आणि तिला हलके झोके देत. दुसऱ्या भेटीत मुलगा स्वतःहून त्यांच्या शेजारी चढून बसला.

पाया पडण्यासाठी डोके धरून वाकवू नये. आपण पाया पडावे. मूल पाहते आणि पुढे अनुकरण करते. गालगुच्चे आणि मुके नको असतील तर “हात हातात द्या, त्याला आवडते” असे सुचवावे. सर्दी-खोकला असलेल्या माणसाने मुलाचा मुका घेऊ नये, एवढे सांगणे हा कोणाचाही अपमान नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटे मुलाला अभ्यंगस्नानासाठी उठवावे का?

झोपलेल्या मुलाला उठवू नये. ते उठेल तेव्हा कोमट तेलाने चोळावे, उटणे दुधात कालवून हातापायांना लावावे, चेहरा आणि डोळे टाळावेत, आणि आदल्या दिवशी थोडेसे लावून पुरळ येत नाही ना हे पाहून घ्यावे. पायाखाली फोडण्याचे कारीट कडू आणि पोटाला त्रासदायक असते, म्हणून ते फोडून होताच उचलून टाकावे. ओवाळताना निरांजन मुलाच्या हाताच्या टप्प्याबाहेर धरावे.

फटाक्यांचे काय करावे?

या वयाच्या मुलाच्या हाती फुलझडीसुद्धा देऊ नये. तिचे टोक हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकते आणि विझल्यावरही तार बराच वेळ चटका देते. भारतात चार मीटर अंतरावर 125 डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणाऱ्या फटाक्यांना मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीला रात्री 8 ते 10 हीच फटाक्यांची वेळ ठरवून दिली. प्रत्यक्षात आवाज त्याही पलीकडे चालू राहतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही रस्त्यापासून दूरच्या खोलीत, खिडक्या बंद करून, पंखा लावून मुलाला झोपवतो, आणि दोघांपैकी एक जण त्याच्याजवळ असतो. ज्या घरी जायचे असेल तेथील मोठ्या मुलांना “बाबू निघेपर्यंत आवाजाचे नको” अशी विनंती आधीच करावी. मुले समजून घेतात.

भाजल्यास त्या जागी वीस मिनिटे नळाचे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, तूप, हळद, बर्फ यांपैकी काहीही लावू नये.

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे?

दिवाळीत घरातील नेहमीच्या वस्तू जमिनीवर येतात, हा मुख्य धोका आहे. समई, पणत्या, रांगोळीचे डबे, दिव्यांच्या माळांचे सुटे प्लग, उंबरठ्याजवळ ठेवलेले तेल. पोहोचताच यजमानांच्या परवानगीने एक फेरी मारावी आणि या वस्तू उंच ठेवून घ्याव्यात. भेट मिळालेल्या खेळण्यात बटणासारखी चपटी बॅटरी असेल आणि तिचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर ते खेळणे मुलाला देऊ नये. अशी बॅटरी गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून थेट रुग्णालय गाठावे.

दृष्ट काढणे आणि काजळ यांविषयी काय भूमिका घ्यावी?

मीठ-मोहरी उतरवून टाकण्यास हरकत नसावी. मिरच्या जाळायच्या असतील तर मूल त्या खोलीत नसावे. काजळात शिसे असू शकते, म्हणून डोळ्यांत घालू नये. आजींचे मन राखण्यासाठी तळपायाला तीट लावावी.

भाऊबीजेच्या प्रवासाची तयारी कशी करावी?

वर्धा सुमारे एक-सव्वा तासाची आणि अमरावती सुमारे तीन तासांची, अशा अंतरांसाठी आम्ही रेल्वेला पसंती देतो. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही, आणि मूल डब्यात चालू-फिरू शकते. गाडीने जाताना मुलाला मांडीवर न घेता मागच्या आसनावर त्याच्या खुर्चीत पट्ट्याने बांधावे आणि दर दीड तासाने थांबावे.

शहरातील शहरात बहुतेक कुटुंबे दुचाकीवरच फिरतात. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना हेल्मेट आणि चालकाशी जोडलेला सुरक्षा पट्टा आवश्यक आहे, आणि वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असा केंद्राचा नियम आहे. नव्या कपड्यांवर हेल्मेट चांगले दिसत नाही, ही तक्रार आम्ही घरातही ऐकली आहे. ते घालूनच निघावे.

सणाच्या दिवसांत ताप आला तर?

भेटी रद्द कराव्यात. या महिन्यांत नागपुरात डेंग्यूचे रुग्ण आढळतात आणि त्याचे डास दिवसा चावतात, म्हणून ताप साधा समजून घरगुती उपाय करत बसू नये. डॉक्टरांना विचारून फक्त पॅरासिटामॉल द्यावे, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नये. मूल सुस्त झाले, वारंवार उलट्या झाल्या किंवा लघवी कमी झाली, तर लक्ष्मीपूजनाची रात्र असली तरी रुग्णालयात जावे. आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या सुटीचे दिवस धनत्रयोदशीपूर्वीच विचारून ठेवावेत.

सणानंतर मुलाची घडी पुन्हा कधी बसते?

आमच्या मुलाला चार-पाच दिवस लागले. तो संध्याकाळी दाराकडे पाहून आत्याला शोधत असे आणि झोपायला नकार देत असे. आम्ही त्या आठवड्यात कोठेही गेलो नाही, कोणाला बोलावले नाही, आणि रोज एकदा आजीशी व्हिडिओवर बोलणे ठेवले. आकाशदिवा मात्र त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काढला नाही. तो लागला की हात धुऊन जेवायला बसायचे, हे त्याला तोवर कळले होते.